ओडुंडोंसारखं मडकं घडवायचंय, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात तीन प्रश्न आहेत. तुम्ही नाशिकच्या, तीन वर्षं स्टुडिओत चाकावर काम करता. केनियात जन्मलेल्या, इंग्लंडमध्ये मातीकाम करणाऱ्या कलावंत मॅग्डालीन ओडुंडो यांच्या मडक्यांचे फोटो पाहून तुम्ही भारावून गेलात. पश्चिम आफ्रिकेतल्या बायका चाकाशिवाय मडकी घडवतात हे वाचलंत आणि वळ्या लावून तशी सहा मडकी केलीत. त्यातली चार भाजताना गेली: दोघांना पोटाभोवती आडवी चीर, एकाचा तळ उडाला, एकाची मान वरून खाली फाटली. दोन शाबूत निघाली, पण तासन्‌तास घोटून आणलेली चकाकी भट्टीत नाहीशी झाली. त्यात एका मैत्रिणीने विचारलं, ही त्या बायकांच्या कामाची चोरी नाही का? आता पुढे जावं की थांबावं, आणि प्रदर्शनात मडकी ठेवलीच तर सोबतच्या चिठ्ठीत काय लिहावं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी २७ वर्षं हाताने मडकी घडवते आहे, त्यातली बरीचशी चाकाशिवाय. माझ्या मते चीर, गेलेली चकाकी आणि चोरीची शंका या तिन्हींचं मूळ एकच आहे. तुम्ही फोटोतल्या पूर्ण झालेल्या आकारापासून सुरुवात केलीत. तो आकार ज्या क्रमाने, ज्या मातीतून आणि ज्या हातांच्या हालचालीतून आला, ते फोटोत दिसत नाही. त्यामुळे चाकाची सवय, चाकाची बारीक माती आणि चाकावरच्या भांड्यांची भट्टी तशीच ठेवून तुम्ही आकार मात्र दुसऱ्या घरचा आणलात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुमची माती मी हातात घेतलेली नाही. स्टुडिओची तयार माती कुठून येते, तिच्यात वाळू किंवा भाजलेल्या मातीचा चुरा किती, हे कळल्याशिवाय मी अचूक प्रमाण सांगू शकत नाही. तुमच्याकडे विजेची भट्टी आहे आणि तुम्ही १०८० अंशांपर्यंत भाजता एवढं तुम्ही लिहिलंय. उघड्यावर जाळ करायला जागा आहे की नाही, ते नाही लिहिलं. नाशिकच्या एप्रिलमधली हवा आणि जुलैमधली हवा यांत मडकं वाळण्याचा वेळ दुप्पट-तिप्पट बदलतो. तेव्हा खालचे आकडे माझ्या कामातले समजा आणि तुमच्या मातीवर आधी लहान वाट्या करून ताडून बघा.

आता ओडुंडोंकडे येऊ, कारण तुमच्या मैत्रिणीच्या शंकेचं अर्धं उत्तर त्यांच्याच वाटेत आहे. त्यांचा जन्म नैरोबीचा, १९५० चा. शाळेचं सुरुवातीचं शिक्षण काही भारतात, काही केनियात झालं. १९७१ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या ग्राफिक डिझाइन शिकायला, मातीकडे वळल्या त्या तिथे. फार्नहॅमच्या कला महाविद्यालयात शिकत असताना, १९७४ मध्ये, त्या नायजेरियातल्या अबुजाच्या पॉटरी प्रशिक्षण केंद्रात गेल्या. ते गाव आज सुलेजा नावाने ओळखलं जातं, अबुजा हे नाव पुढे नव्या राजधानीने घेतलं. तिथे त्या लादी क्वाली या कुंभारणीकडून आणि तिच्याच ग्बाग्यी जमातीच्या इतर बायकांकडून हाताने मडकं उभं करायला शिकल्या.

नैरोबी ते अबुजा हे अंतर ३,००० किलोमीटरहून जास्त आहे. भाषा वेगळ्या, माणसं वेगळी, माती वेगळी. म्हणजे पश्चिम आफ्रिकेची ही परंपरा ओडुंडोंच्याही माहेरची नव्हती. त्या तिथे विद्यार्थिनी म्हणून गेल्या, बसल्या, शिकल्या, आणि आपण कोणाकडून शिकलो ते कधी लपवलं नाही. पुढे अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या सान इल्देफोन्सो प्वेब्लो या मूळ रहिवाशांच्या गावात तिथल्या कुंभारीण मारिया मार्टिनेझ यांचं काळं, घोटलेलं काम त्यांनी पाहिलं. मग लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकल्या. आज त्यांचं जे मडकं आपण ओळखतो, फुगीर पोटाचं, लांब वाकलेल्या मानेचं, बाईच्या पाठीच्या कण्यासारख्या बारीक उंचवट्यांचं, तसं मडकं ग्बाग्यी घरात कधीच नव्हतं. लादी क्वाली आपल्या मडक्यांवर विंचू-सरडे कोरत, त्यांतला एकही ओडुंडोंनी उचललेला नाही. त्यांनी घेतली ती घडवण्याची रीत. तुम्ही काय घ्यायचं, ते यावरून ठरवा असं मी म्हणेन.

लादी क्वालींबद्दल थोडं सविस्तर सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ‘लादी’ म्हणजे हाउसा भाषेत रविवारी जन्मलेली, आणि क्वाली हे त्यांच्या गावाचं नाव. जन्म साधारण १९२५ चा. लहानपणी त्या आत्याकडून-मावशीकडून, घरच्या बाईकडून, मडकी करायला शिकल्या: पाण्याची, स्वयंपाकाची, धान्याची. त्यांची मडकी इतकी नावाजलेली होती की अबुजाच्या अमीरांच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, वाड्यात होती. मायकेल कार्ड्यू या इंग्रज कुंभाराने ती तिथेच पाहिली. कार्ड्यूंनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अबुजाचं केंद्र उभं केलं. तिथे चाक होतं, काचेचा लेप होता, उंच तापमानाची भट्टी होती आणि शिकणारे सगळे पुरुष होते. ज्या मुलखात मडकं करणं हे बायकांचं काम, तिथे चाक आलं आणि शिकणारे पुरुष झाले. १९५४ मध्ये लादी क्वाली तिथे गेल्या, त्या पहिल्या स्त्री. चाकही शिकल्या, पण त्यांची थोर मडकी हाताचीच राहिली. १९७७ मध्ये अहमदू बेल्लो विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १९८४ मध्ये त्या वारल्या. आज नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेच्या मागच्या बाजूला त्या मडकं घडवताना दिसतात.

त्यांचं मडकं मी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये पाहिलं तेव्हा काचेपुढून हलवेना. वरून काचेचा लेप, त्याखाली कोरलेले प्राणी, कोरलेल्या रेघांत भरलेली फिकी माती. आकार मात्र गावातल्या पाण्याच्या मडक्याचा. आणि त्याच जागी उभं राहून मला एक गोष्ट खटकली, अजूनही खटकते. पाण्याचं मडकं पाझरतं म्हणून पाणी गार राहतं, हे आपल्याला माठामुळे ठाऊक आहे. काचेचा लेप देऊन दगडासारखं भाजलं की पाझरणं बंद. म्हणजे केंद्रातल्या भट्टीने ते मडकं जगभर पोचवलं, टिकाऊ केलं, आणि त्याचं मूळचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. हे चांगलं झालं की वाईट, यावर माझं मत वर्षागणिक बदलत आलंय. पण उसनं घेताना आपण काय गमावतो आहोत ते माहीत असावं, हे त्या मडक्याने मला शिकवलं. ओडुंडोंनी लेप वापरलाच नाही, तेव्हा त्यांनाही हे दिसलं असावं असं मला वाटतं.

आता हाताच्या कामाकडे. ग्बाग्यी रीतीत बाई मातीचा एक गोळा घेते, त्यात मूठ घालून भिंत वर ओढते, मग वर जाड वळ्या चढवते. मडकं जागेवर असतं आणि बाई त्याच्याभोवती फिरते, बरेचदा पाठमोरी, एक पाऊल मागे, हात मडक्यावर. आतून सपाट लाकडी पट्टीने ठोकून पोट फुगवते. आपल्याकडचा कुंभार आत दगडी गोळा धरून बाहेरून थापटण्याने मारतो, त्याच्या हे बरोबर उलट. भोपळ्याच्या वाळलेल्या कवचाच्या तुकड्याने खरवडून भिंत पातळ करते. मग ओल्या पृष्ठभागावर पिळलेल्या दोरीची किंवा खाचा पाडलेल्या लाकडाची छोटी लाटणी फिरवून नक्षी उठवते. शेवटी वाळलेल्या गवताचा आणि काटक्यांचा उघडा जाळ.

फिरणं हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. मीही पहिली दोन वर्षं वळ्यांची मडकी फिरत्या पाटावर केली. आपण स्टुलावर बसायचं, डाव्या हाताने पाट फिरवायचा, डोळा एकाच जागी. त्यातून निघालेलं प्रत्येक मडकं चाकावरच्या मडक्याची नक्कल वाटायचं, फक्त जरा वाकडी. मग एका उन्हाळ्यात पाट बाजूला ठेवला, जुना रांजण पालथा घातला, त्यावर गोणपाट टाकलं आणि मडक्याभोवती चालायला लागले. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या दुखल्या. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की माझ्या उजव्या हाताचा दाब प्रत्येक फेरीत एकाच ठिकाणी थोडा वाढतोय आणि मडक्याचं पोट तिकडे झुकतंय. चाकावर ही चूक असते. चालताना तीच त्या मडक्याची चाल होते, पुढची वळी तिला धरून लावायची असते. ओडुंडोंच्या मडक्याची मान एका बाजूला कलते आणि तरी मडकं तोल सोडत नाही, ते माझ्या मते याच सवयीतून आलेलं आहे. तुम्ही फोटो समोर ठेवून ती मान वाकवलीत. पुढचं मडकं फोटो झाकून करा आणि चालत करा.

आता तुमच्या चार मडक्यांविषयी, एकेक करून.

पोटाभोवतीची आडवी चीर म्हणजे वळीचा जोड. खालची भिंत घट्ट झाली, वर ओली वळी बसली, दोघी वेगवेगळ्या वेगाने आकसल्या आणि जोडावर सुटल्या. आपण जोड बाहेरून बोटाने सारवून दिसेनासा करतो, पण आत तो तसाच राहतो. मी वळी अंगठ्याएवढी जाड घेते, आतून तिची माती खाली ओढते आणि बाहेरून खालच्या भिंतीची माती वर ओढते. काम थांबवायचं झालं तर फक्त काठावर ओल्या फडक्याची पट्टी ठेवते, बाकीचं मडकं उघडं, म्हणजे पोट वजन पेलण्याइतकं घट्ट होतं आणि काठ ओला राहतो. आणि जोड थोडा आवळला की ठोकते. बायका आतून ठोकतात ते फक्त पोट फुगवायला नाही, ठोकल्याने जोडातली माती एकमेकींत दाबली जाते. ही पायरी तुमच्या वर्णनात कुठेच नव्हती.

तळ उडाला त्याची दोन कारणं असू शकतात आणि बहुधा दोन्ही होती. तुम्ही सपाट तळ केलात आणि तो भिंतीपेक्षा बराच जाड होता. पश्चिम आफ्रिकेतल्या मडक्याचा तळ गोल असतो, कारण ते वाळूत, मातीत किंवा तीन दगडांवर बसतं. गोल तळाला कोपरा नसतो. तापताना आणि निवताना जो ताण येतो तो कोपऱ्यात साठतो, गोलाईत पसरतो. आपल्या माठाचा तळही याच कारणाने गोल असतो, आपण त्याला तिवई देतो. दुसरं कारण पाणी. दीड-दोन सेंटीमीटरचा तळ वरून हाताला कोरडा लागतो आणि आत ओला असतो. १०० अंशांना त्या पाण्याची वाफ होते आणि ती वाट काढते. मी भट्टी ८०–९० अंशांवर चार-पाच तास ठेवते, झाकण बोटभर उघडं. मग वरच्या भोकापाशी थंड काच धरून बघते. काचेवर धुकं आलं तर अजून थांबायचं. विजेचं बिल थोडं वाढतं, मडकं मात्र वाचतं.

मान फाटली ती वाळताना फाटली, भट्टीत ती फक्त उघड झाली. मान पातळ आणि उघडी, पोट जाड आणि बंद. मान आधी आकसली. पोट वाळेपर्यंत मान पिशवीने सैल झाकून ठेवायची, पंख्याखाली मडकं ठेवायचं नाही. नाशिकच्या कोरड्या महिन्यांत तर मी अख्खं मडकं जुन्या सुती साडीत गुंडाळलं असतं.

या सगळ्याच्या खाली मातीचा प्रश्न आहे. चाकाची माती बारीक असते कारण हात सोलू नयेत. हाताच्या मडक्याला ती नको. ग्बाग्यी असो, माली असो, आपल्याकडचा कुंभार असो, माती कमावताना तिच्यात काहीतरी मिसळतातच: जुन्या खापरांचा चुरा, वाळू, भुसा, शेण. आपल्याकडे घोड्याची लीद आणि राख. भाजताना जे जळून जातं ते वाफेला वाट करून देतं, आणि खापराचा चुरा आधीच आकसलेला असल्यामुळे नव्या मातीला जास्त आकसू देत नाही. मी पाच भाग मातीला एक भाग खापराचा चुरा घालते, तांदळाच्या कणीएवढा. तुमची तडकलेली चार मडकी टाकू नका. कुटून चाळून पुढच्या मातीत घाला.

चकाकीचं उत्तर सोपं आहे: १०८० अंश हे फार झालं. घोटताना आपण मातीचे चपटे कण एका दिशेला निजवतो, त्यावरून उजेड परततो म्हणून चमक दिसते. १,००० च्या आसपास आणि वर कण एकमेकांत विरघळायला लागतात, पृष्ठभाग पुन्हा आकसतो आणि चमक जाते. मी घोटलेलं मडकं ९०० च्या वर नेत नाही. दुसरी चूक वेळेची असावी. फार ओल्या मातीवर घोटलं तर मडकं नंतर आकसतं आणि चमक मंदावते. मी तीनदा घोटते. माती चामड्यासारखी घट्ट झाली की नदीच्या गोट्याने. मग अगदी बारीक कणांचा गाळ, ज्याला टेरा सिजिलाटा म्हणतात, त्याचे पातळ थर देऊन मऊ कापडाने. आणि पूर्ण वाळल्यावर खोबरेल तेलाचा थेंब लावून बोटावर प्लॅस्टिकची पिशवी ओढून शेवटचा हात. हा गाळ घरी होतो: लाल माती भरपूर पाण्यात पातळ करायची, कण सुटे राहावेत म्हणून चिमूटभर सोडियम सिलिकेट घालायचं, एक दिवस न हलवता ठेवायचं. तळाशी बसलेलं सोडून द्यायचं, वरचं तेवढं हलक्या हाताने काढून घ्यायचं. ओडुंडोही असाच गाळ देतात आणि पुन्हापुन्हा घोटतात.

थोडक्यात आतापर्यंतचं: मातीत चुरा, तळ गोल, जोड ठोकलेले, वाळवण सावकाश, तापमान ९०० पर्यंत. एवढ्याने तुमच्या सहापैकी पाच मडकी तरी उभी राहतील असं मी अनुभवाने म्हणते.

काळ्या रंगाबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय. ओडुंडोंचं लाल-केशरी मडकं भरपूर हवेत भाजलेलं असतं. काळं करायचं असेल तर तेच मडकं लाकडाच्या तुकड्यांसह झाकणाच्या मातीच्या पेटीत ठेवून दुसऱ्यांदा भाजतात. पेटीत हवा कमी पडते, मातीतलं लाल लोह काळं होतं आणि धुरातला कार्बन छिद्रांत शिरतो. हे विजेच्या भट्टीत करू नका. धूर भट्टीच्या तारा खातो आणि बंद खोलीत तो जिवावर बेततो. उघड्यावर, विटांच्या छोट्या चौकटीत, लाकडाचा भुसा घालून करता येतं. पण आणखी एक रीत आहे जी मला जास्त आवडते. नायजेरियात ग्बाग्यी बायका जाळातून काढलेल्या गरम मडक्यावर एका शेंगेचा काढा शिंपडतात. ते झाड पार्किया गटातलं. त्याचं भावंड आपल्याकडे रस्त्याकडेला लावलेलं असतं, आपण त्याला चेंडूफळ म्हणतो. काढ्यातलं टॅनिन गरम मातीवर जळतं, तपकिरी ठिपके उठतात आणि छिद्रं थोडी बुजतात. मी बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा काढा वापरून पाहिला. बाभळीचा डाग जास्त खोल बसला. लांब दांड्याची पळी, जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा लागतोच, कारण काढा उकळून उडतो.

आता चोरी. तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला एका शब्दात उत्तर नाही. मी स्वतः एक रेघ आखून घेतली आहे, ती सांगते. हाताची रीत शिकावी. रीत ही शिकवण्यानेच जगते, लादी क्वालींनी ती ब्रिटन-अमेरिकेत लोकांसमोर करून दाखवली होती. नक्षी आणि चिन्हं घेऊ नयेत. विंचू, सरडा, सुसर, साप ही त्यांच्या घरची वर्णमाला आहे. आपण त्यातलं अक्षर उचललं तर त्याचा आवाज आपल्याला येत नाही. आकारही जसाच्या तसा घेऊ नये, कारण तो कोणीतरी पाणी आणायला, कोणीतरी धान्य ठेवायला घडवला आहे. आणि ओडुंडोंचा आकार तर एका जिवंत कलावंताने पन्नास वर्षं घासून काढलेला आहे. तो घेणं याला मी चोरीच म्हणेन. सराव म्हणून करा, विकायला ठेवू नका.

दुसरं, ‘आफ्रिकन’ हा शब्द चिठ्ठीतून काढून टाका. पश्चिम आफ्रिकेतसुद्धा एक रीत नाही. मालीत मांदे लोकांमध्ये मडकी करणाऱ्या बायका लोहाराच्या घरातल्या असतात, आणि कित्येक ठिकाणी तिथे पालथ्या जुन्या मडक्यावर माती थापून नवं मडकं सुरू करतात. ग्बाग्यी रीत वेगळी, योरुबांची वेगळी. जगभरच्या संग्रहालयांत या बायकांची हजारो मडकी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर नाव नाही, फक्त जमात आणि प्रांत. लादी क्वालींचं नाव उरलं त्याला त्यांच्या हाताइतकंच त्या केंद्राचं आणि कार्ड्यूंच्या वशिल्याचं कारण आहे. त्याच केंद्रात त्यांच्याबरोबर हलिमा औडू, असिबी इदो, कांदे उशाफा होत्या. त्यांची नावं कितीजणांना माहीत आहेत? म्हणून नाव लिहिणं हे मला सगळ्यात कमी आणि सगळ्यात आधी करायचं काम वाटतं. २०२२ मध्ये लंडनला टू टेंपल प्लेसमध्ये ‘बॉडी व्हेसल क्ले’ हे प्रदर्शन झालं, त्यात या बायकांपासून ओडुंडोंपर्यंत आणि ओडुंडोंपासून आजच्या तरुण कृष्णवर्णीय कलावतींपर्यंत अशी ओळ मांडली होती. त्या ओळीत आपण बसत नाही. तिच्याकडून शिकलो, एवढं म्हणू शकतो.

तुमच्या चिठ्ठीचा मजकूर मी असा लिहीन: ‘ही मडकी चाकाशिवाय, वळ्या लावून, मडक्याभोवती चालत घडवली आहेत. ही रीत मी नायजेरियातल्या ग्बाग्यी बायकांच्या, विशेषतः लादी क्वाली (१९२५–१९८४) यांच्या कामाच्या अभ्यासातून आणि मॅग्डालीन ओडुंडो यांची मडकी पाहून शिकायला सुरुवात केली. माती नाशिकची आहे.’ जन्मवर्षाआधी ‘सुमारे’ घाला. बस एवढंच. ‘प्रेरित’ हा शब्द टाळा, त्यात कोण, कुठलं, काय, काहीच सांगितलं जात नाही.

एक सल्ला न विचारता देते. नायजेरियाला जाणं तुम्हाला लगेच जमणार नाही, पण मणिपूरला जमेल. थोंगजाओ आणि आंद्रो या गावांत बायका आजही चाकाशिवाय मडकी घडवतात आणि मडक्याभोवती फिरतात. थोंगजाओच्या नीलमणी देवींना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. ग्बाग्यींचा आणि त्यांचा काही संबंध आहे असं मी म्हणत नाही, दोन लांबच्या ठिकाणी बायकांच्या हातांनी एकच वाट काढली. पण बाई मडक्याभोवती चालते म्हणजे नेमकं काय करते, हे व्हिडिओत कळत नाही. तिच्या शेजारी उभं राहून, तिच्या पावलाकडे बघून कळतं. आधी शिकवाल का विचारा, शिकण्याचे पैसे द्या, आणि परत आल्यावर चिठ्ठीत त्यांचंही नाव घाला.

आणि आपल्या घरचंही बघा. मी ज्या कुंभारवाड्यात माती कमवायला शिकले तिथे चाकावर बाई बसत नसे. पण माती तुडवायच्या, चाळायच्या, मडक्याला काव द्यायच्या, आवा रचायला हात लावायच्या त्या घरातल्या बायकाच. माझ्या हातातली खरवडायची करवंटी त्यांच्यातल्याच एका आजींनी दिलेली आहे. भोपळ्याचं कवच मिळालं नाही म्हणून मी अडून बसले होते, तर त्या म्हणाल्या, नारळ फोडलास ना सकाळी? ओडुंडोंना अबुजात जे मिळालं त्यातलं थोडं मला तिथे मिळालं.

तर काम सोडू नका. पुढच्या महिन्यात एकच मडकं करा, गुडघ्याएवढं, गोल तळाचं, मान नसलेलं. तळासाठी टोपलीत राख किंवा वाळू भरून त्यात खळगा करा आणि मडकं त्यात बसवा, सपाट फळीवर नाही. चार दिवस लावा. पहिल्या दिवशी गोळ्यातून जेवढं वर ओढता येईल तेवढंच. माती कुठली, चुरा किती घातला आणि वाळायला किती दिवस लागले हे लिहून ठेवा आणि मला कळवा. चीर पडलीच तर ती कुठून सुरू झाली याचा जवळून फोटो पाठवा, आतल्या बाजूचाही.